तंबू कुठे ठोकायचा ते कोण ठरवणार?

प्रिय ताई,

मी ३३ वर्षांची, तुमच्यापेक्षा बरीच लहान, तेव्हा मला अहो-जाहो करू नका. कांदिवलीला राहतो. लग्नाला पाच वर्षं झाली आणि दोघांना एकत्र पंचवीस दिवसांची रजा पहिल्यांदाच मिळतेय. गणपती झाले की नवऱ्याला स्वतःच्या गाडीने लेहला जायचंय, तेही वाटेत तंबू ठोकत. परदेशातल्या कुठल्याशा जोडप्याचे व्हिडिओ बघून हे डोक्यात बसलंय. तंबू, स्टोव्ह, दोन स्लीपिंग बॅगा घरी येऊन पडल्यात. आल्यावर मला कळलं. मला फिरायला आवडतं, डोंगरही आवडतात. पण रोज रात्री झोपणार कुठे, बाथरूमचं काय, मधेच पाळी आली तर काय, असं विचारलं की "तुला आधी अडचणीच दिसतात" हे ऐकावं लागतं. माझ्याकडे लायसन्स आहे, पण हायवेला लागलो की स्टिअरिंग हाती येत नाही. सासूबाई म्हणतात, एवढ्या पैशात युरोप झालं असतं. नाही म्हटलं तर त्याचा हिरमोड केल्याचं पाप माझ्या माथी. हो म्हटलं तर पंचवीस दिवस जीव मुठीत. काय करू?

– अर्धी तयार, कांदिवली

ता. क. तंबूचं सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. सांगू का?

अगं अर्धी तयार,

सगळी मेख तुझ्या एका छोट्या वाक्यात आहे: सामान "आल्यावर मला कळलं". तुमचं भांडण तंबूवरून नाहीच. स्लीपिंग बॅगांची ऑर्डर टाकण्याआधी तो तुझ्यासमोर वही घेऊन बसला असता, तर झोपायचं कुठे आणि बाथरूमचं काय हेच प्रश्न त्याने स्वतः पहिल्या पानावर लिहिले असते. अशा सहलीला जाणारा कुणीही शहाणा माणूस तिथूनच सुरुवात करतो. म्हणजे निम्मी तयारी तू एकटीने करून ठेवली आहेस आणि वर बोलणीही खाते आहेस.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. जा. पण त्याच्या सहलीला पाहुणी म्हणून जाऊ नकोस. निघायच्या आधी ती दोघांची करून घे.

आधी त्या व्हिडिओंचं बघू. अमेरिकेत सरकारी जंगलांचे आणि माळरानांचे प्रचंड पट्टे आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी साधारण चौदा दिवसांपर्यंत फुकटात तंबू टाकून राहता येतं. गाडी वळवली, खुंट्या ठोकल्या, झालं. आपल्याकडे कुणाचीच नाही अशी जमीन जवळपास नसतेच. ज्या माळावर तुला मोकळं मोकळं वाटेल त्याचाही सातबारा कुणाच्या तरी नावावर असतो. नसेल तर ते गायरान असतं, नाहीतर वनखात्याची हद्द, आणि लडाखच्या बाजूला तर कुठली जागा लष्कराची हे पाटी दिसेपर्यंत कळत नाही. अभयारण्यात १९७२च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय शिरताही येत नाही, मुक्कामाचं तर सोडच. स्पितीतल्या चंद्रताल तलावाच्या काठावर तंबू टाकायला मनाई आहे, तिथले कॅम्प सगळे तलावापासून लांब ठेवलेत. गोव्यात २०१९पासून पर्यटनस्थळी उघड्यावर चूल मांडली तर दंड होतो. हे तुझ्या नवऱ्याला घाबरवायला सांगत नाहीये. त्याला फक्त एवढं कळू दे की आपल्या देशात तंबू टाकायचा म्हणजे आधी कुणाला तरी विचारायचं असतं.

आणि हे रोज संध्याकाळी करावं लागतं. कधी ढाब्याच्या मालकाला, कधी पंपाच्या मॅनेजरला, कधी होमस्टेवाल्या बाईला, कधी गुरुद्वाऱ्यातल्या सेवादाराला. रस्ता चुकला तरी काच खाली करून विचारायचं नाही, असं व्रत घेतलेले नवरे मी पुष्कळ पाहिलेत. तुझा त्यातला असेल तर विचारण्याचं खातं तू घे, आणि ते खातं छोटं आहे असं समजू नकोस. पुरुषाने जाऊन पुरुषाला विचारलं की आधी चौकशी होते: कुठून आलात, किती जण, गाडी कुणाची. तू घरातल्या बाईला विचारलंस, "भाभीजी, एक रात पीछे टेंट लगा लें? सुबह छह बजे निकल जाएँगे," की बहुतेक वेळा चहा होतो, आणि बाथरूम कुठे आहे हेही न विचारता कळतं. पहाडात तर याहून सोपं. मनाली-लेह रस्त्यावर जिस्पा, सिस्सूच्या बाजूला कॅम्पवाल्यांना सांगायचं की तंबू आमचा आहे, फक्त जागा आणि बाथरूम पाहिजे. बरेच जण थोड्या पैशांत हो म्हणतात. होमस्टेच्या अंगणाचंही तसंच.

माझ्या ओळखीचं दादरचं एक जोडपं असंच तंबू घेऊन निघालं होतं. उदयपूरच्या पुढे संध्याकाळी पाचला एका ढाब्यामागे सपाट जागा मिळाली. नळ होता, मालकाची सून मागेच राहत होती, तिने स्वतः "इथेच टाका" म्हणून सांगितलं. बाईंना जागा पसंत. बुवांना तलाव पाहिजे होता. मग पुढे बघू, मग अजून थोडं पुढे. साडेआठला एका कच्च्या रस्त्यावर गाडीचा तळ दगडाला घासला आणि तिथून मागे फिरून दोघांनी पेट्रोल पंपावर, ट्रकांच्या रांगेत, सीट मागे पाडून अबोल्यात रात्र काढली. आता पंपावर झोपण्यात वावगं काही नाही. ट्रकवाले रोज झोपतात, उजेड असतो, राखणदार असतो. पण त्या बाईंनी पाचलाच सांगितलं होतं, आणि पुढच्या चार दिवसांत हे वाक्य किती वेळा म्हटलं गेलं असेल याची तू कल्पना करू शकतेस.

म्हणून निघायच्या आधी दोन गोष्टी ठरवून टाका, आणि ठरवायच्या त्या इथे घरी, पंख्याखाली बसून. एक म्हणजे दुपारी चारला जागा शोधायला लागायचं आणि साडेपाचपर्यंत गाडी बंद. सप्टेंबरअखेर साडेसहाच्या आतबाहेर अंधार पडतो, आणि अंधारात पसंत केलेली जागा सकाळी भलतीच निघते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. रात्रीच्या जागेला दोघांपैकी एकाने जरी "नको" म्हटलं तरी ती जागा बाद. कारण विचारायचं नाही, पटवायला जायचं नाही, गाडी सुरू करायची. कुणाची नजर आवडली नसेल, कुत्री फार असतील, नुसतंच बरं वाटत नसेल, सगळं चालेल. दिवसा कुठल्या ढाब्यावर जेवायचं आणि कुठली गाणी लावायची यावर हवं तेवढं भांडा. रात्रीच्या जागेवर नाही. हा एक हक्क हातात असला की तुझी निम्मी भीती इथेच गळून पडेल.

आता तंबू कुठे आणि कुठे नाही. त्याचं "वाटेत तंबू ठोकत" हे रोमँटिक आहे, पण नकाशाला धरून नाही. सप्टेंबरमध्ये गुजरात आणि राजस्थानात रात्रीही उकडतं, डास फोडून काढतात, आणि दिवसभर गाडी चालवलेल्या माणसाला तंबूत घामाने निथळत झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस तुला घेऊन हायवेवर असणार. तेव्हा मैदानात सरळ खोली घ्या. साधं हॉटेल, धर्मशाळा, काहीही, पण पंखा आणि बादलीभर पाणी हवंच. येताना दिल्लीहून आग्रा, ग्वाल्हेर, शिवपुरी, इंदूर, धुळे असे जुन्या आग्रा रोडने आलात तर इंदूरहून थोडी वाकडी वाट करून ओंकारेश्वरला गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात मुक्काम करा. ज्यांनी शेगावचं भक्तनिवास पाहिलंय त्यांना स्वच्छतेबद्दल वेगळं सांगायला नको. पंचवीसपैकी पाच-सहा रात्री तंबूत झाल्या तरी पुष्कळ झाल्या, आणि त्या सगळ्या पहाडात.

पहाडात तंबू टाकताना नदीच्या पात्रात टाकायचा मोह होतो, कारण सपाट जागा तीच असते. तिथे मुळीच नाही. बर्फ दिवसभर वितळतं, त्याचं पाणी खाली पोचता पोचता दुपार-संध्याकाळ होते, त्यामुळे सकाळी पायाच्या घोट्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी गुडघ्याच्या वर असतो. वर कुठे ढगफुटी झाली तर तेवढाही वेळ मिळत नाही.

अंतराचाही हिशेब मांडा. जाऊन-येऊन आणि लडाखात थोडं फिरून पाच हजार किलोमीटरच्या वर जाईल. मैदानात दिवसाला साडेचारशेच्या वर नाही आणि पहाडात दोनशेच्या वर नाही, असं धरून वहीत लिहून बघा, म्हणजे पंचवीस दिवस किती थोडे आहेत ते त्याच्या लक्षात येईल. पँगाँगही, नुब्राही, त्सो मोरिरीही असं होणार नाही. एक निवडा.

जायचं कुठून, यावर मात्र मी हट्टाने बोलणार. श्रीनगरमार्गे जा आणि मनालीमार्गे या. श्रीनगर साधारण १,६०० मीटरवर आहे, सोनमर्ग आणि कारगिल दोन्ही २,७००च्या आसपास, आणि मग लेह ३,५००. वाटेत झोजी ला आणि त्याहून उंच, ४,१०० मीटरचा फोटू ला लागतो, पण खिंडीत आपण झोपत नाही, ओलांडून खाली येतो. शरीराला त्रास होतो तो झोपायच्या उंचीचा. याउलट मनालीहून गेलात तर २,०५० मीटरवरून उठून सरळ सरचूला, ४,३०० मीटरवर, तंबूत मुक्काम, असं पुष्कळ लोक करतात. रात्री डोकं फुटायला लागतं, उलट्या होतात, झोप नाही, आणि पुढे-मागे दोन्हीकडे त्याहून उंच खिंडी. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची रात्रीला पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही, हा साधा नियम आहे, आणि सरचू तो दणकून मोडतं. परतताना लेहला आठवडाभर राहून झालेलं असतं, शरीर रुळलेलं असतं, तेव्हा तेच सरचू सोसतं. काश्मीरची परिस्थिती त्या आठवड्यात बघून घ्या. तिकडून जमणारं नसेल तर मनालीकडून जा, पण जिस्पाला ३,२०० मीटरवर दोन रात्री काढा आणि तिसऱ्या दिवशी पहाटे निघून सरचूला न थांबता लेह गाठा. दिवस मोठा होईल, दोनशे किलोमीटरचा नियम त्या दिवसापुरता मोडेल, आणि त्यातला बराचसा ४,००० मीटरच्या वरचा. डोकं दुखत असेल तर त्या दिवशी निघूच नका. निघालात तर स्टिअरिंग दोघांनी वाटून घ्या.

लेहला पोचलात की दोन दिवस नुसतं लोळायचं. दारू नाही, खारदुंग लाची खिंड नाही, जिने धावत चढणं नाही. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दल निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि सल्फाची ॲलर्जी कुणाला असेल तर ते आवर्जून सांगा. डोकेदुखी गोळी घेऊन, विश्रांती घेऊन जाते का बघायचं. पण बसल्या जागी दम लागायला लागला, खोकला सुटेना, किंवा टाचेला चवडा लावत सरळ रेघेत चालता येईना, तर सकाळची वाट बघायची नाही. तिथल्या तिथे खाली उतरायचं. लेहमध्येच असाल तर एसएनएम हॉस्पिटल गाठायचं, उंचीचा त्रास झालेले पर्यटक त्यांना नवे नाहीत. तुमचा "नको"चा नियम इथेही तसाच लागू. एकाला बरं वाटत नसेल तर दुसऱ्याने "अगं, होतं थोडं" म्हणायचं नाही.

मनालीमार्गे परतताना लेहला टाकी फुल करून निघा. लाहौलमधल्या तांदीच्या पंपावर "पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर" अशी पाटी होती, लोक तिच्यासोबत फोटो काढायचे. ती मनालीकडून जाणाऱ्यांसाठी, पण मधला ओसाडपणा दोन्ही बाजूंनी सारखाच. बारालाचा लाची खिंड उतरून लाहौलमध्ये आलात की पुढे अटल बोगदा, नऊ किलोमीटरचा, २०२० सालच्या ऑक्टोबरपासून सुरू झालेला. त्याच्यामुळे रोहतांगची चढण वाचते. आणि फोनचं: मुंबईचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखात चालत नाही. दोघांपैकी एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या, निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी.

आता बाथरूम. हे तू संकोचाने लिहिलंयस, मी सविस्तर लिहिते. हायवेवर मोठ्या कंपन्यांच्या पंपांवर बायकांसाठी संडास असतो, पण पुष्कळदा त्याला कुलूप असतं. बघून परत फिरू नकोस. किल्ली ऑफिसात असते, लाकडाच्या ठोकळ्याला नाहीतर रिकाम्या बाटलीला बांधून खिळ्याला टांगलेली. माग, देतात. आणि कुलूपबंद संडास बहुतेक वेळा उघड्यापेक्षा स्वच्छ निघतो. पहाटे निघालीस की दर दोन तासांनी थांबायचं हे आधीच ठरव, लागली की सांगते असं नको. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत आणि मग डोकं धरून बसतात. उंचावर तर पाणी कमी पडून चालतच नाही. उभ्याने जाता येईल अशी कागदी फनेल ऑनलाइन आणि मोठ्या मेडिकलमध्ये मिळतात. घरी बाथरूममध्ये दोन-तीनदा सवय करून बघ, पहिल्यांदाच बर्फाळ वाऱ्यात प्रयोग नको. रानात बसायची वेळ आली तर खुरपं हवं. पाण्यापासून साठ मीटर तरी लांब, वीतभर खोल खड्डा, वरून माती. लडाखच्या थंड कोरड्या हवेत काही लवकर कुजत नाही, म्हणून तिथे शक्यतो गावातलाच कोरडा संडास वापरायचा, वर माती नाहीतर राख टाकायची. पाळीसाठी पॅड किंवा कप, ज्याची सवय आहे तेच. वापरलेले पॅड झिपच्या पिशवीत घालून गावात कचरापेटी मिळेपर्यंत सोबत. नवऱ्याला ती पिशवी गाडीत कुठे ठेवायची हे दाखवून ठेव. लाजायचं काय त्यात, पाच वर्षं संसार झालाय.

स्टोव्हबद्दल एकच, पण जिवाचं. थंडी वाजली म्हणून तंबूत स्टोव्ह, शेगडी, कोळसा काही पेटवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, झोपेतच माणूस जातो. काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणंही तेवढंच वाईट. स्वयंपाक बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला. आणि लेहच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ-तांदूळ लवकर शिजत नाहीत. तीन लिटरचा कुकर घे. बाकी तू कांदिवलीची, खाण्याचं मी काय सांगणार. मेतकूट, भडंग, शेंगदाण्याची चटणी, खाकरे आणि थालीपिठाची भाजणी घेतलीस की कुठल्याही ढाब्याला शरण जावं लागणार नाही. बाटली मात्र डिकीत नको. तलासरी सोडलं की गुजरात, आणि तिथे दारूबंदी आहे. पहिल्याच दिवशी पोलिसांशी ओळख करून घ्यायची गरज नाही.

स्टिअरिंगचा मुद्दा तू दोन ओळीत उरकलायस, पण मला तो सगळ्यात मोठा वाटतो. पाच हजार किलोमीटर एकट्याने गाडी चालवणारा नवरा विसाव्या दिवशी कसा असतो हे तुला बघायचं नाहीये. दुसरा ड्रायव्हर ही चैन नाही. गणपतीपर्यंत दर रविवारी पहाटे गाडी तू काढ. एकदा मनोरपर्यंत जाऊन ये, एकदा नाशिक रोडला, कसारा घाट तू चढव आणि तूच उतरव. तो शेजारी बसेल आणि पाय दाबत राहील, दाबू दे, तिकडे ब्रेक नाही. सहलीत सुरत-भरूचचा सरळ सहापदरी पट्टा सकाळी तुझा, आणि दुपारची पेंगेची वेळ तीही अधूनमधून तुझी. झोजी लाचा कच्चा भाग त्याला हवा असेल तर घेऊ दे, तिथे फुशारकी कुणीच मारायची नाही. रात्री कुणीच चालवायचं नाही. टेललाइट नसलेले ट्रॅक्टर आणि रस्त्यावर बसलेली गुरं दिवसा पुरे होतात.

खर्चाचं थोडक्यात: तंबूने पैसे वाचतात हा गैरसमज आहे, पाच-सहा रात्रींत तंबूची किंमतही वसूल होत नाही. वाचतात ते टोलमध्ये. फास्टॅगचा वर्षाचा पास १५ ऑगस्ट २०२५ला निघाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या होता, तो खासगी गाडीला राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, आता काय दर आहे बघून काढून टाका. मुंबईतून निघताना दहिसरला छोट्या गाड्यांना टोल ऑक्टोबर २०२४पासून नाहीच. तरी पहाटे पाचच्या आत फाउंटन हॉटेलचा नाका ओलांडा, नाहीतर घोडबंदरच्या ट्रकांमध्ये निम्मा उत्साह तिथेच जातो. सासूबाईंच्या युरोपाला मी उत्तर देत नाही. त्यांना स्वतःला जायचं असावं.

आणि हे सगळं करण्याआधी एक रात्र. जुलैच्या भर पावसात, पवना धरणाजवळ किंवा भंडारदऱ्याला, एखाद्या कॅम्पच्या आवारात स्वतःचा तंबू टाका. कोरड्या हवेत तंबू कुणालाही टाकता येतो. पावसात कळतं की खाली अंथरलेलं प्लास्टिक तंबूच्या कडेबाहेर चार बोटं जरी आलं तरी वरून ओघळणारं पाणी त्याच्यावर साचतं आणि थेट तुमच्या पाठीखाली येतं. ते आत दुमडायला लागतं. तंबूची वरची जाळी थंडीला घाबरून बंद केली की दोन माणसांच्या श्वासाने पहाटे आतून पाणी ठिबकतं, तेही तिथेच कळतं. मुख्य म्हणजे भिजलेले असताना, भूक लागलेली असताना, खुंटी सापडत नसताना तुम्ही एकमेकांशी कसे बोलता ते कळतं. कॅम्पमध्ये असाल, त्यामुळे फारच बिनसलं तर गाडीत बसून काही तासांत घरी. त्या रात्रीनंतरही तुझं मन घेत नसेल तर लेहला जा, पण तंबू घरी ठेवून. त्याला तेवढं कबूल करावं लागेल, आणि ते पवन्याला जाण्याआधीच कबूल करून घे.

हा पुढचा परिच्छेद त्याला वाचायला दे.

जावईबापू, तुमची हौस चांगली आहे. ती मोडावी असं तुमच्या बायकोलाही वाटत नाही, म्हणून तर तिने नाही न म्हणता पत्र लिहिलं. पण जी बाई रोजच्या मुक्कामाचा विचार करतेय तिला अडचणी काढणारी म्हणू नका. सरचूला रात्री दोनला तुमचं डोकं ठणकायला लागेल तेव्हा गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत हे तिलाच माहीत असणार. आत्ता ती वही तिच्याकडे द्या, गाडीची किल्ली अधूनमधून द्या, आणि पुढची कुठलीही ऑर्डर टाकण्याआधी विचारा.

आता ता. क. सासूबाईंना सांग. फोटोवरून त्यांना कळलं तर ते जास्त महागात पडेल. तंबूचं सांगताना पाच-सहाच रात्री, त्याही लोकवस्तीजवळ, आणि रोज रात्री आठच्या आत मेसेज, एवढं सांगितलंस की बऱ्याचशा निवळतील. मनाली ते लेह रस्त्यावर मधे बराच पट्टा रेंज नसते, त्या एका-दोन दिवसांचं आधीच सांगून ठेव, नाहीतर तिकडे सरचूला तुम्ही आणि इकडे त्या देवासमोर. त्यांची खरी हरकत वेगळीच निघेल बघ: गणपती झाले की लगेच पितृपक्ष, आणि त्यात प्रवासाला निघायचं नाही. इथे त्यांना दुखवू नकोस, पण नवरात्रापर्यंतही थांबू नकोस. ऑक्टोबर उजाडला की लडाखात रात्री गोठवणाऱ्या होतात आणि बारालाचावर बर्फ पडून रस्ता कधी बंद होईल याचा नेम नसतो. सासऱ्यांचं किंवा घरातलं कुणाचं श्राद्ध असेल तर ती तिथी करून दुसऱ्या दिवशी पहाटे निघा. त्या वर्षी गणपतीआधी अधिक महिना येत असेल तर गणपतीच सप्टेंबरच्या मध्यावर जातात, मग हे गणित बसत नाही. तसं असेल तर पुढच्या वर्षी जूनच्या मध्याची रजा मागा, आणि ती मागायला दोघांनी आत्ताच सुरुवात करा.